दिव्यांग प्रमाणपत्र आणि पेन्शन: पात्रता कशी ठरते, अर्ज नाकारला तर काय करावे (रायपूर, छत्तीसगढ)

ही माहिती रायपूर जिल्ह्यात राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. प्रमाणपत्र कमी टक्क्यांचे मिळाले, पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला किंवा चालू पेन्शन बंद पडली, तर कोणत्या कार्यालयात जायचे आणि काय लिहून द्यायचे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

थोडक्यात

- दिव्यांगत्व किती टक्के आहे, हे वैद्यकीय मंडळ ठरवते. पेन्शन द्यायची की नाही, हे नगर निगम, पंचायत आणि समाज कल्याण विभाग ठरवतात. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि दोन्हींवर दाद मागण्याची जागा वेगळी आहे.
- नकार तोंडी मिळाला असेल तर आधी तो लेखी मागा. लेखी कारणाशिवाय अपील टिकत नाही.
- प्रत्येक अर्जाची पावती घ्या. तारीख आणि क्रमांक असलेली पावती हाच तुमचा पुरावा आहे.
- दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आधी ओळखा: तुमचा अर्ज कुठे अडला आहे?

बरेच लोक चुकीच्या खिडकीवर महिनोन् महिने चकरा मारतात. प्रमाणपत्रावर 30 टक्के लिहिले असेल, तर नगर निगमाच्या झोन कार्यालयातील कर्मचारी ते 40 करू शकत नाही. उलट, प्रमाणपत्र 85 टक्क्यांचे असूनही गरीबी रेषेच्या यादीत नाव नाही म्हणून पेन्शन नाकारली असेल, तर रुग्णालयात पुन्हा तपासणी करून उपयोग नाही. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा:

1. प्रमाणपत्रच मिळाले नाही, किंवा टक्के कमी लिहिले आहेत? मग विषय वैद्यकीय मंडळाचा आहे.
2. प्रमाणपत्र ठीक आहे, पण पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला? मग विषय समाज कल्याण विभागाचा आहे.
3. पेन्शन मंजूर आहे, पण पैसे खात्यात येत नाहीत? मग विषय बहुधा बँक, आधार किंवा सत्यापनाचा आहे. यात अपिलाची नव्हे, दुरुस्तीची गरज असते.

कायद्यानुसार दिव्यांग कोण?

दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व नोंदवले आहे. हात-पाय, दृष्टी, श्रवण आणि वाणी यांच्याशिवाय बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बुटकेपणा, स्नायूंचा क्षय, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील पीडित, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल रोग यांचाही त्यात समावेश आहे.

बहुतेक सरकारी लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. पण 40 पेक्षा कमी टक्के असणारी व्यक्ती दिव्यांग नाही, असे कायदा म्हणत नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. 40 टक्क्यांची अट ठरावीक लाभांसाठी आहे. परीक्षेत लेखनिक मिळण्यासारख्या सोयी केवळ त्या अटीवरून नाकारता येत नाहीत.

टक्केवारी कशी ठरते?

डॉक्टर अंदाजाने आकडा लिहीत नाहीत. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या मोजमापाच्या सूचना आहेत. त्या मार्च 2024 मध्ये सुधारण्यात आल्या. काही गोष्टी आधीच माहीत असतील तर पुढचा गैरसमज टळतो.

- एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला आहे: दिव्यांगत्व 30 टक्के धरले जाते. त्यामुळे केवळ या कारणावर 40 टक्के मिळत नाहीत.
- ऐकू कमी येते: दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलचा ऱ्हास असेल तर व्यक्तीला 'ऐकण्यास कठीण' आणि 70 डेसिबलचा असेल तर 'बधिर' मानले जाते. एकाच कानाने ऐकू येत नसेल तर या व्याख्येत बसत नाही.
- बुटकेपणा: प्रौढ व्यक्तीची उंची 4 फूट 10 इंच, म्हणजे 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असावी लागते.
- सिकलसेल: रोग असलेली व्यक्ती (एसएस) पात्र ठरू शकते. केवळ वाहक (एएस) असलेली व्यक्ती पात्र ठरत नाही. छत्तीसगढ आणि विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. त्यामुळे रक्ततपासणीच्या अहवालात नेमके काय लिहिले आहे, ते आधी पाहून घ्या.
- मानसिक आजार: स्वतःची काळजी, लोकांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम या बाबी 'आयडियाज' नावाच्या मापनपट्टीवर तपासतात. रोजचे वागणे सांगू शकेल असा घरचा माणूस सोबत न्या.

दोन दिव्यांगत्वे असतील तर

दोन्ही टक्के सरळ मिळवत नाहीत. त्यासाठी सूत्र आहे: मोठा आकडा 90 मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचे, 90 ने भागायचे आणि आलेली संख्या मोठ्या आकड्यात मिळवायची.

समजा, डोळ्याचे 30 टक्के आणि पायाचे 20 टक्के आहेत. 90 वजा 30 म्हणजे 60. 20 गुणिले 60 भागिले 90 म्हणजे 13.3. एकूण 43.3 टक्के. सरळ बेरीज 50 होत नाही, पण 40 ची अट पूर्ण होते. म्हणून दुसरा त्रास 'किरकोळ' समजून सोडू नका. अर्जातच दोन्ही लिहा आणि दोन्हींची तपासणी मागा. फक्त एकच तपासला गेला असेल, तर अपिलासाठी हा ठोस मुद्दा आहे.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज

1 जून 2021 पासून दिव्यांग प्रमाणपत्र केवळ यूडीआयडी पोर्टलवरून, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवरून दिले जाते. मोबाइलवरून अर्ज जमत नसेल तर जवळच्या चॉइस सेंटरमध्ये करून घ्या.

1. पोर्टलवर नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव आधार कार्डाप्रमाणेच भरा. अक्षरांचा फरक पुढे पेन्शनमध्ये अडतो.
2. आधार, सहा महिन्यांच्या आतील फोटो आणि उपचाराची कागदपत्रे जोडा.
3. तपासणीसाठी आपल्या जिल्ह्यातील रुग्णालय निवडा. रायपुरात जिल्हा रुग्णालय पंडरी येथे आहे. तिथे मंडळ कोणत्या दिवशी बसते आणि तुमच्या आजाराचे तज्ज्ञ कधी असतात, हे आधी विचारून जा.
4. नोंदणी क्रमांक जपून ठेवा. पुढची प्रत्येक चौकशी त्याच क्रमांकाने होते.
5. तपासणीला जुने कागद सोबत न्या: एक्स-रे, ऑडिओमेट्री, रक्त चढवल्याच्या नोंदी, रुग्णालयात दाखल झाल्याचे आणि सुटीचे कागद. मूळ प्रत दाखवा, झेरॉक्स द्या.

ऑक्टोबर 2024 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. अर्ज दोन वर्षांहून जास्त काळ निर्णयाविना राहिला तर तो निष्क्रिय होतो. म्हणून तपासणीची तारीख चुकली असेल तर लगेच नवी तारीख मागा.

कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो: 40 पेक्षा कमी असल्यास पांढरा, 40 ते 80 च्या दरम्यान पिवळा आणि 80 व त्याहून जास्त असल्यास निळा. यूडीआयडी कार्ड देशभर चालते. नागपूर किंवा गोंदियात काढलेले कार्ड असेल तर रायपुरात आल्यावर नव्याने तपासणी करण्याची गरज नाही, पत्ता मात्र बदलून घ्या.

छत्तीसगढमधील दोन मुख्य पेन्शन योजना

*इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन:* वय 18 ते 79, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त, आणि कुटुंब गरीबी रेषेखालील. केंद्राचा वाटा दरमहा 300 रुपये आहे. राज्याचा वाटा धरून छत्तीसगढमध्ये 500 रुपये मिळतात.

*सामाजिक सुरक्षा पेन्शन:* ही राज्याची योजना आहे. 18 वर्षांवरील, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या गरीबी रेषेखालील व्यक्ती आणि 6 ते 17 वयाची, शाळेत शिकणारी दिव्यांग मुले यांना दरमहा 500 रुपये मिळतात. अर्जदार छत्तीसगढचा रहिवासी असावा लागतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. टक्केवारी 80 च्या खाली आहे म्हणून केंद्राची पेन्शन नाकारली गेली, तर लाभ संपला असे नाही. त्याच कागदांवर राज्याच्या योजनेत अर्ज करता येतो.

शहरात अर्ज नगर निगमाच्या झोन कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत द्यायचा असतो. रायपूर नगर निगमात 10 झोन आणि 70 वार्ड आहेत. आपला वार्ड कोणत्या झोनमध्ये येतो, ते आधी पाहा.

सोबत लागणारी कागदपत्रे

- यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांग प्रमाणपत्र
- आधार कार्ड
- छत्तीसगढमधील रहिवासाचा पुरावा
- गरीबी रेषेच्या यादीतील नावाचा किंवा क्रमांकाचा पुरावा
- आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक
- वयाचा पुरावा आणि फोटो
- मुलांसाठी शाळेचा दाखला

नकार आल्यावर पहिले काम

"तुमचं होत नाही" असे खिडकीवर सांगितले आणि तुम्ही परत आलात, तर कागदोपत्री काहीच घडलेले नसते. एका साध्या कागदावर अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहून नकाराचे कारण लेखी मागा. रायपूरच्या कार्यालयांत कामकाज हिंदीत चालते. एवढे एक वाक्य पुरेसे आहे: 'कृपया मेरे आवेदन की अस्वीकृति का कारण लिखित में दें।' दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का घ्या. कागद घेत नसतील तर तोच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती ठेवा.

कारण पाहा आणि मार्ग ठरवा

*1. टक्केवारी कमी आली किंवा प्रमाणपत्र नाकारले*

कायद्याच्या कलम 59 नुसार प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करता येते. अपील राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाते आणि त्याची मुदत राज्याच्या नियमांनी ठरते. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हे जिल्हा रुग्णालयातील सिव्हिल सर्जन किंवा मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयात लेखी विचारा. उत्तराची वाट पाहत बसू नका. निर्णय हाती पडताच अर्ज तयार करायला घ्या.

अपिलात "मला खूप त्रास आहे" एवढेच लिहून चालत नाही. नेमकी चूक दाखवा: दुसरे दिव्यांगत्व तपासलेच नाही, संबंधित तज्ज्ञ मंडळात नव्हते, नवा अहवाल पाहिला नाही, दोन टक्केवारींचे सूत्र लावले नाही. लहान मुलाच्या श्रवण तपासणीत साध्या ऑडिओमेट्रीचा निकाल भरवशाचा नसेल तर बेरा तपासणी मागा. मोठ्या सरकारी रुग्णालयातील ताजा अहवाल असेल तर तो जोडा. तो मंडळावर बंधनकारक नसतो, पण फेरतपासणीसाठी आधार ठरतो.

*2. गरीबी रेषेच्या यादीत नाव नाही*

नाकारलेल्या अर्जांत हे कारण वारंवार दिसते. रेशन कार्ड असणे आणि गरीबी रेषेच्या सर्वेक्षण यादीत नाव असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत वडिलांच्या, सासऱ्यांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावाने कुटुंबाची नोंद आहे का, ते झोन कार्यालयात किंवा पंचायतीत तपासा. नोंद असेल तर कुटुंबाशी असलेले नाते दाखवणारा कागद जोडून फेरविचार मागा.

*3. रहिवासाचा पुरावा पुरेसा नाही*

आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर अर्ज अडतो. आधी पत्ता बदला. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेसारखे अनुदान सुरू असेल तर ते बंद केल्याचा कागद घ्या. दोन राज्यांत एकाच वेळी पेन्शन घेता येत नाही.

*4. नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही*

यात अपील करून वेळ घालवू नका. आधार, यूडीआयडी आणि पासबुक या तिन्हींवर एकच नाव करून घ्या आणि दुरुस्त प्रतींसह पुन्हा अर्ज द्या.

*5. पेन्शन चालू होती, आता बंद आहे*

बँकेत तीन गोष्टी विचारा: खाते निष्क्रिय झाले आहे का, आधार जोडलेले आहे का, थेट लाभ हस्तांतरण याच खात्यात सुरू आहे का. बँकेत सर्व ठीक असेल तर झोन कार्यालयात भौतिक सत्यापन बाकी आहे का ते पाहा. यादीत चुकून 'मृत' किंवा 'स्थलांतरित' अशी नोंद झाली असेल, तर स्वतः हजर राहून लेखी अर्ज द्या आणि थकलेल्या महिन्यांची रक्कमही त्याच अर्जात मागा. चालता येत नसेल तर घरी येऊन सत्यापन करावे, असे लिहून द्या.

अपिलाच्या अर्जात काय असावे?

एक पान पुरेसे आहे.

1. तुमचे नाव, पत्ता, मोबाइल आणि यूडीआयडी किंवा नोंदणी क्रमांक
2. कोणत्या निर्णयाविरुद्ध अपील आहे, त्याची तारीख आणि क्रमांक
3. निर्णय तुम्हाला कोणत्या दिवशी मिळाला
4. निर्णयात काय चुकले आहे, प्रत्येक मुद्दा एका वाक्यात
5. तुम्हाला काय हवे आहे: फेरतपासणी, दुरुस्ती किंवा पेन्शनची मंजुरी
6. जोडलेल्या कागदांची यादी
7. सही किंवा अंगठा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी पालकाची सही

उत्तरच आले नाही तर

- कलेक्टर कार्यालयातील जनदर्शन: आधीच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत घेऊन जा आणि टोकन क्रमांक घ्या.
- माहितीचा अधिकार: 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणी, काय शेरा लिहिला' एवढेच विचारा. शुल्क 10 रुपये आहे. गरीबी रेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.
- राज्याचे दिव्यांगजन आयुक्त: हक्क डावलल्याची तक्रार साध्या कागदावर करता येते. चौकशीसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाला कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावे लागते.
- जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. रायपूरच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करा किंवा 15100 वर फोन करा. प्रकरण बिलासपूरच्या उच्च न्यायालयात न्यायचे असेल तरी मोफत मदत मागता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रमाणपत्र तात्पुरते मिळाले. ते नाकारल्यासारखे आहे का?
नाही. स्थिती बदलू शकते असे मंडळाला वाटले तर मुदतीचे प्रमाणपत्र देतात. मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज करा, नाहीतर लाभ थांबू शकतो.

अपील केल्यास टक्के कमी होऊ शकतात का?
फेरतपासणीत आकडा वाढू शकतो, तोच राहू शकतो किंवा घटूही शकतो. म्हणून नेमका मुद्दा आणि कागद हाती असतील तेव्हाच अपील करा.

पेन्शन नाकारली तर बाकीचे लाभही जातात का?
नाही. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या आहेत. एडिप योजनेत 40 टक्के दिव्यांगत्व असल्यास तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव मिळतात. मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असल्यास साधन मोफत, त्यापुढे 30,000 पर्यंत निम्म्या किमतीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे.

एजंट पैसे घेऊन टक्के वाढवून देतो म्हणाला. काय करावे?
पैसे देऊ नका. फसवणूक करून दिव्यांगांचा लाभ घेतल्यास कलम 91 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कारवाई कार्ड वापरणाऱ्यावर होते, एजंट तोवर निघून गेलेला असतो.

घरातील व्यक्ती अंथरुणाला खिळलेली आहे. अर्ज दुसऱ्याने दिला तर चालतो का?
अर्ज, पावती आणि चौकशी घरचा माणूस करू शकतो. तपासणी मात्र त्या व्यक्तीचीच होते. तिला नेता येत नसेल तर तसे डॉक्टरांच्या कागदासह रुग्णालयाला लेखी कळवा आणि तपासणीची वेगळी व्यवस्था मागा.

आजच करण्यासारखे

एक फाइल करा. तिच्यात यूडीआयडी, आधार, पासबुक, गरीबी रेषेचा पुरावा, रुग्णालयाचे अहवाल आणि सर्व पावत्या तारखेप्रमाणे लावा. अर्ज नाकारला गेला असेल तर लेखी कारण मागणारा कागद आजच लिहा. ते कारण हाती आले की या माहितीतील त्याच मथळ्याखालील पायरीपासून सुरुवात करा.